जुन्या फरशीवर काँक्रीट ओव्हरले करायचाय? मटेरियल निवडण्याआधी खालची जमीन तपासा

इन्स्टाग्रामवर ही रील तुम्हीही पाहिली असेल. जुनी, डाग पडलेली फरशी. त्यावर कुणीतरी थापीने राखाडी लेप ओढतं आणि पंधरा सेकंदांत खोली एखाद्या कॅफेसारखी दिसायला लागते. ना तोडफोड, ना डेब्रिजच्या गोण्या. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न असतो : "स्क्वेअर फुटाला रेट काय?"

प्रश्न चुकीचा नाही, पण तो नंतर विचारायचा आहे. आधी विचारायचं ते हे, की ज्या जमिनीवर हा थर बसणार आहे ती जमीन कशी आहे?

हे मला आमच्याच घरात कळलं. माझ्या मामाने तळमजल्यावरच्या जुन्या कोब्यावर मार्च महिन्यात मायक्रोसिमेंट करून घेतलं. दोन-तीन महिने सगळे फोटो काढत होते. जुलैत जमिनीवर फोड आले आणि गणपतीची आरास करायच्या वेळेस पोपडे हाताने निघत होते. ठेकेदार म्हणाला, मटेरियलचा लॉट खराब आला. प्रत्यक्षात कोब्याखालून वर येणारी ओल कुणी तपासलीच नव्हती. मामाचे पैसे गेले आणि वरचा थर खरवडून काढायची मजुरी पुन्हा वेगळी द्यावी लागली.

ओव्हरले म्हणजे नेमकं काय?

जुन्या काँक्रीटवर किंवा कोब्यावर चढवलेला सिमेंटचा पातळ, सजावटीचा थर. त्यात सिमेंट, बारीक वाळू आणि पॉलिमर असतं. साध्या सिमेंटचा दोन-तीन मिलिमीटरचा थर जुन्या जमिनीवर टाकला, तर तो सुकताना आकसतो, तडकतो आणि सुटतो. पॉलिमरमुळे त्याला चिकटपणा आणि थोडी लवचिकता येते, म्हणून इतका पातळ थर टिकू शकतो. कल्पना नवीन नाही. सिमेंटच्या कामात रबराचा चीक मिसळण्याची पेटंट्स १९२०च्या दशकात ब्रिटनमध्ये निघाली होती.

आपल्याकडे रंगीत सिमेंटची जमीन तर घरोघरी होती. जुन्या वाड्यांतली आणि चाळींतली लाल गुळगुळीत जमीन आठवा. ती रेड ऑक्साइड टाकून घोटलेली असायची. आजही गवंडी ज्याला 'आयपीएस' म्हणतात, ते इंडियन पेटंट स्टोन नावापुरतंच स्टोन आहे. ते जागेवर ओतलेलं आणि घोटलेलं काँक्रीटच असतं. फरक असा, की तो थर जाड असायचा आणि स्वतःच्या ताकदीवर उभा राहायचा. आजचा ओव्हरले जवळजवळ पूर्णपणे खालच्या जमिनीच्या जिवावर टिकतो.

खालची जमीन कशी तपासायची?

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. एक नाणं, एक पेन्सिल, प्लास्टिकचा तुकडा आणि थोडं पाणी पुरतं.

आधी आवाज. नाण्याने किंवा किल्लीने जमिनीवर सगळीकडे टकटक करा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर तिथला थर खालून सुटलेला आहे. तेवढा भाग खडूने आखून घ्या, तो तोडून पुन्हा भरायला लागेल. पोकळ थरावर कितीही भारी मटेरियल टाकलं, तरी ते त्या थरासकट उठतं.

मग भेगा. केसासारख्या बारीक, वर्षानुवर्षं तशाच असलेल्या भेगांची फार चिंता नको. भेग 'जिवंत' आहे का, म्हणजे अजून हलते का, हे बघायचं. भेगेच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारा, तारीख लिहा आणि दोन-तीन महिन्यांनी बघा. ती पुढे सरकली असेल, किंवा भेगेची एक बाजू दुसरीपेक्षा खाली गेली असेल, तर जमीन खचते आहे. हा प्रश्न सजावटीने सुटत नाही, तिथे इंजिनिअरला दाखवा. हलणाऱ्या भेगेवर ओव्हरले टाकला, तर भेग वर येतेच. फक्त आता ती नव्या, महाग जमिनीवर दिसते. काँक्रीटमध्ये मुद्दाम ठेवलेल्या सांध्यांचंही असंच आहे. ते सांधे लपवायचे नसतात, त्याच जागी नव्या थरातही कापायचे असतात.

पाण्याची चाचणी सगळ्यात सोपी. जमिनीवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. पाणी काही मिनिटांत शोषलं जाऊन डाग गडद झाला, तर जमीन प्रायमर घ्यायला तयार आहे. थेंब मोत्यासारखे वर बसून राहिले, तर वर तेल, मेण, पॉलिश किंवा जुनं सीलर आहे. पार्किंगमध्ये ऑइलचे डाग आणि स्वयंपाकघरात ओट्याखालची तेलकटी हमखास असते.

ओल ही सगळ्यात मोठी अडचण का?

जुन्या तळमजल्याच्या घरांत जमिनीखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा पडदा सहसा नसतो. मातीतलं पाणी काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफेच्या आणि ओलाव्याच्या रूपात वर येत राहतं. उघड्या कोब्यातून ते हळूहळू उडून जातं, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. वर चकचकीत, हवाबंद सीलर मारलं की त्याची वाट बंद होते. ओल क्षार सोबत घेऊन येते. हे क्षार थराखाली साचतात, पांढरे डाग पडतात, फोड येतात आणि शेवटी पोपडे निघतात. कोकणात आणि मुंबईच्या जुन्या तळमजल्यांवर तर हे गृहीतच धरलेलं बरं.

तपासायचं कसं? साधारण दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक जाड प्लास्टिक घ्या, चारही कडा टेपने पूर्ण बंद करून जमिनीला चिकटवा. किमान १६ तास तसंच ठेवा. उचलल्यावर आतून दव दिसलं किंवा खालची जमीन गडद झाली असेल, तर ओल आहे. हीच पद्धत अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेच्या डी-४२६३ या मानकात दिलेली आहे. खोलीत दोन-तीन जागी करा. एक जागा बाथरूमच्या भिंतीजवळची असू दे.

आता एक गोष्ट माझ्या पदरची. ही चाचणी मे महिन्यात करून समाधान मानू नका. मे महिन्यात आपल्याकडे जमिनीखालची मातीही कोरडी असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चाचणी करा आणि काम हिवाळ्यात काढा. ठेकेदाराला हे फारसं आवडत नाही, कारण त्याला काम आत्ता हवं असतं. पण त्या चार महिन्यांत जे कळतं ते पुढची काही वर्षं वाचवतं. चाचणीत दव दिसलं नाही म्हणजे ओल शून्य आहे असंही नाही. मोठं किंवा महाग काम असेल, तर काँक्रीटला भोक पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजणारी चाचणी करून घेता येते.

ओल निघाली तर दोन रस्ते उरतात. एक, ओल अडवणारं इपॉक्सी प्रायमर कंपनीने सांगितलेल्या जाडीत, बहुधा दोन हात, आणि दुसऱ्या हातावर ओलं असतानाच वाळू पसरून, म्हणजे त्यावर सिमेंटचा थर पकडेल. खर्च वाढतो. दुसरा, ओव्हरलेचा नाद सोडून शहाबादी किंवा कोटा लावणं. फार ओल असलेल्या जमिनीसाठी मी दुसरा रस्ता सुचवेन, रील कितीही सुंदर असली तरी.

कोणत्या जागेसाठी कोणतं मटेरियल?

बाजारात नावं खूप आहेत. मायक्रोसिमेंट, मायक्रोटॉपिंग, सेल्फ लेव्हलिंग, स्टॅम्प, स्टेन्सिल, टेक्सचर. नावांपेक्षा जाडी बघा, निवड आपोआप सोपी होते.

मायक्रोटॉपिंग किंवा मायक्रोसिमेंट दोन-तीन हातांत मिळून जेमतेम २ ते ३ मिलिमीटर होतं. रीलमध्ये दिसतो तो ढगाळ, थापीच्या ओढीचा लुक याचाच. घराच्या आत, सपाट आणि धडधाकट जमिनीवर छान बसतं. पण इतक्या पातळ थरात खालचं सगळं वर उमटतं. खड्डा, उंचवटा, टाइल्सचे सांधे, सगळं. खालची जमीन जितकी वाईट, तितकं हे मटेरियल चुकीचं.

सेल्फ लेव्हलिंग ओतायचं असतं. साधारण ५ ते १० मिलिमीटरमध्ये ते स्वतः पसरून सपाट होतं. ओबडधोबड कोब्यासाठी हे बरं. मात्र वरचा अंतिम थर म्हणून चालणारं आणि फक्त टाइल्स किंवा व्हिनाइलखाली घालायचं, अशी दोन वेगळी उत्पादनं येतात. दुसरं उघडं ठेवलं तर झिजतं. पोत्यावर वाचा. आणि हे गॅलरीत किंवा बाथरूममध्ये नको. तिथे पाणी जायला उतार लागतो आणि या मटेरियलचा स्वभावच उतार मोडण्याचा आहे.

अंगण, पोर्च, पार्किंग, बागेतली वाट यासाठी स्टॅम्प करायचा ओव्हरले, साधारण ६ ते २० मिलिमीटर. ओला असताना रबरी साचे दाबून दगडाचा किंवा विटेचा ठसा उमटवतात. जिथे पाय घसरायची भीती आहे तिथे फवारून केलेलं खडबडीत टेक्सचर घ्या.

गच्चीबद्दल वेगळं सांगायला हवं. मुंबई-पुण्यातल्या अनेक गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. ते तिथलं वॉटरप्रूफिंग आहे. त्यावर ग्राइंडर फिरवून सजावटीचा थर दिला, तर गळती थांबणार नाही, उलट सुरू व्हायची शक्यता जास्त. गळती आधी दुरुस्त करा. सजावटीचा ओव्हरले वॉटरप्रूफिंग नसतो. सोसायटीची गच्ची असेल तर परवानगी हा आणखी एक विषय.

पॉलिमर कोणतं आहे हेही विचारा. उन्हात राहणाऱ्या जागेसाठी अॅक्रिलिक चांगलं. एसबीआर लेटेक्स चिकटपणात उत्तम, पण उन्हाने पिवळं पडतं, म्हणून दिसणाऱ्या वरच्या थरापेक्षा खालच्या बाँडिंगसाठी ते योग्य. आणि एक धोका नीट लक्षात घ्या. काही ठिकाणी पांढरं सिमेंट, मार्बल पावडर आणि पीव्हीए प्रकारचा पांढरा गोंद कालवून 'घरगुती मायक्रोसिमेंट' करून देतात. हा गोंद पाणी लागलं की पुन्हा मऊ पडतो. रोज पुसल्या जाणाऱ्या जमिनीवर तो किती टिकेल, हे सांगायला नको. भिंतीची पुट्टीही जमिनीसाठी नसते, कितीही पांढरीशुभ्र दिसली तरी.

मटेरियल किती लागेल?

हा हिशोब घरी करता येतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर थर म्हणजे १ लिटर माल. त्यासाठी कोरडी पावडर ढोबळमानाने १.६ ते १.८ किलो लागते. १०० चौरस फूट म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटर. ३ मिलिमीटर थर असेल तर जवळपास ४५ ते ५० किलो, म्हणजे २५ किलोची दोन पोती. ओबडधोबड जमीन जास्त खाते, म्हणून थोडा माल जास्त धरा. कुणी हॉलभर कामाला एका पोत्याचा हिशोब देत असेल, तर तो थर कागदासारखा असणार.

जाडीचा आणखी एक परिणाम घाईत विसरला जातो. दार. १० मिलिमीटरचा थर आला की दाराची फळी खाली घासते, आणि बाथरूमचा उंबरा तेवढाच बुटका होतो. काम सुरू करण्याआधी सगळी दारं उघडून बघा.

जमिनीची तयारी कशी करायची?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवले जातात.

गुळगुळीत घोटलेल्या कोब्यावर काहीही नीट चिकटत नाही. त्याला खरखरीत करावं लागतं. किती खरखरीत? अमेरिकेतल्या इंटरनॅशनल काँक्रीट रिपेअर इन्स्टिट्यूटने यासाठी १ ते १० अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. १ म्हणजे जवळपास गुळगुळीत, १० म्हणजे फोडलेल्या दगडासारखं. मायक्रोटॉपिंगला साधारण २ ते ३ पुरतं, हात फिरवला की सँडपेपरसारखं लागेल इतपत. जाड थराला त्याहून जास्त लागतं. नेमका आकडा उत्पादनाच्या माहितीपत्रकात असतो.

आपल्याकडची सवय म्हणजे अॅसिड मारणं. बाथरूम धुवायचं अॅसिड ओतायचं, फेस आला की झालं. घराच्या आत मी हे टाळायला सांगेन. अॅसिड तेलाच्या डागाखाली किंवा जुन्या सीलरखाली पोचत नाही. नीट धुतलं गेलं नाही तर क्षार मागे राहतात आणि तेच पुढे चिकटू देत नाहीत. शिवाय जमीन चिंब होते. तिचा धूर डोळ्यांना आणि छातीला लागतो तो वेगळाच. डायमंडची चकती लावलेलं, धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमला जोडलेलं ग्राइंडर हा जास्त भरवशाचा मार्ग आहे.

त्या धुळीबद्दल दोन वाक्यं जास्त लिहायला हवीत, कारण रीलमध्ये धूळ दाखवत नाहीत. काँक्रीट घासल्यावर उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात कायमचे बसतात, त्यातून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. किमान एन-९५ मास्क हवा. ओलं सिमेंट त्वचा भाजतं, त्यामुळे अनवाणी, उघड्या हातांनी काम करणाऱ्या माणसाला बूट आणि हातमोजे हवेत. ठेकेदार देत नसेल तर आपण द्यावेत. एकूण खर्चात ती रक्कम किरकोळ असते.

घासून झालं की तेलाचे डाग डीग्रीझरने काढायचे, भेगा इंग्रजी 'व्ही' आकारात उघडून दुरुस्तीच्या मटेरियलने भरायच्या, खड्डे सपाट करायचे आणि धूळ झाडूने नाही, व्हॅक्यूमने काढायची. त्यानंतर पुन्हा पाण्याच्या थेंबाची चाचणी.

जुन्या टाइल्सवर करायचं असेल तर? होऊ शकतं. पोकळ वाजणाऱ्या टाइल्स काढाव्या लागतात, सांधे भरावे लागतात, वरची चकाकी घासावी लागते आणि वाळू पसरलेलं प्रायमर लागतं. बहुतेक पद्धतींत जाळीही घालतात. एवढं सगळं करणारा माणूस मिळाला तर करा. काँक्रीट नवीन असेल तर किमान २८ दिवस थांबा.

कालवताना आणि टाकताना

पोत्यावर पाण्याचं प्रमाण लिटरमध्ये दिलेलं असतं. ते मापाने घ्यायचं, अंदाजाने नाही. 'जरा पातळ कर, हात चांगला फिरतो' हे वाक्य साइटवर ऐकू आलं तर तिथेच थांबवा. जास्त पाण्याने थर कमजोर होतो, वर भुकटी येते, बारीक तडे पडतात आणि दोन घमेल्यांचा रंग वेगळा दिसतो. आधी बादलीत पाणी, मग पावडर, आणि ड्रिलला पंखा लावून मध्यम वेगाने फिरवायचं. वेग जास्त झाला तर हवा शिरते आणि वर टाचणीएवढी भोकं पडतात. बहुतेक मिश्रणं अर्ध्या तासाच्या आत वापरावी लागतात. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालायचं नाही.

रंगासाठी आयर्न ऑक्साइडचे रंग उन्हात टिकतात, म्हणून तेच वापरावेत. सगळी पोती एकाच लॉटची घ्यावीत. एका खोलीचं काम एका दमात व्हावं. मध्ये जेवणाची सुट्टी झाली की तिथे कायमची रेघ दिसते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात काम निघालंच, तर भल्या सकाळी, थंड पाणी वापरून आणि पंखे बंद ठेवून.

आपल्या गवंड्यांची एक चांगली सवय इथे अंगाशी येऊ शकते. कोबा झाला की आळी करून पाणी भरून ठेवायचं. पॉलिमर असलेल्या बहुतेक थरांना असं पाणी साठवून ठेवणं मानवत नाही, त्यातलं पॉलिमर सुकायला हवं असतं. कंपनीने जे लिहिलंय ते करा.

सीलर आणि हळद

सीलर नसेल तर सिमेंटची जमीन सगळं पिते. अॅक्रिलिक सीलर स्वस्त, पण लवकर झिजतं आणि पुन्हा पुन्हा मारावं लागतं. पॉलियुरेथेन जास्त दणकट. इपॉक्सी घट्ट बसतं, पण उन्हात पिवळं पडतं, म्हणून खिडकीजवळ किंवा गॅलरीत नको. बाथरूमसाठी न घसरणारी पूड मिसळून मागा.

पूर्ण काम द्यायच्या आधी दोन फूट बाय दोन फूट नमुना करून घ्या. फळीवर नाही, तुमच्याच जमिनीच्या एका कोपऱ्यात, सीलरसकट. सीलर पूर्ण मुरल्यावर त्यावर तेलात कालवलेली हळद, लिंबाचा रस, चहा आणि आमसुलाचं पाणी टाका, एक रात्र ठेवा आणि सकाळी पुसा. परदेशी माहितीपत्रकांत वाइन आणि कॉफीच्या डागांचं लिहिलेलं असतं. आपल्या स्वयंपाकघरात प्रश्न हळदीचा असतो. हळदीचा डाग ऊन लागलं की पुष्कळ फिका होतो, पण आतल्या खोलीत ऊन आणणार कुठून? लिंबू आणि आमसूल आम्ल असल्यामुळे सिमेंटच खातात, तिथे चकाकी गेलेला डाग राहतो आणि तो पुसून जात नाही.

कोटेशनमध्ये काय मागायचं?

एकच रेट देणाऱ्याकडून तो फोडून घ्या. घासणं, भेगा आणि पोकळ भागांची दुरुस्ती, प्रायमर, ओव्हरलेचे किती हात आणि किती मिलिमीटर, सीलरचे किती हात. उत्पादनाचं नाव आणि माहितीपत्रक सोबत. ओलीची चाचणी कोण करणार आणि निकाल वाईट आला तर काय, हेही लिहून घ्या. दोन कोटेशनमधला फरक पुष्कळदा पहिल्या दोन ओळींत सापडतो. स्वस्त कोटेशनमध्ये त्या ओळी नसतात.

काम झाल्यावर चालायला एखाद-दोन दिवसांत परवानगी मिळते, पण सीलर पूर्ण मुरायला साधारण आठवडा धरा. तोवर कपाट ओढत नेऊ नका, फरशी पुसू नका, आणि रबरी तळाचं पायपुसणं तर त्यानंतरही टाळा. त्या रबराचा डाग काही सीलरवर कायमचा उमटतो.